‘सर्वांत घट्ट धरणारा क्लोन सर्वांत चांगला’: हा सल्ला का मोडतो

औषधी प्रथिन मोजायला आणि शुद्ध करायला मोनोक्लोनल प्रतिपिंडं (एकाच पेशीच्या वंशातून, म्हणजे एका क्लोनमधून, मिळणारी एकसारखी प्रतिपिंडं) तयार करताना एक सल्ला सर्रास दिला जातो: ‘एलायझात (प्लेटच्या खळग्यांत रंग आणून पकड तपासणारी चाचणी) ज्याचा सिग्नल जास्त, त्याची पकड घट्ट. तोच क्लोन निवडा. मोजणीलाही तोच, शुद्धीकरणाच्या कॉलमलाही तोच.’

‘सिग्नल जास्त म्हणजे पकड घट्ट.’ नाही. प्रत्येक हायब्रिडोमा (प्रतिपिंड बनवणारी संकरित पेशी) वाढीच्या माध्यमात कमीजास्त प्रतिपिंड सोडतो. पकड बेताची पण प्रतिपिंड भरपूर असलं तरी प्लेट गडद रंगते. शिवाय प्लास्टिकला चिकटताना प्रथिनाची घडी काही अंशी उलगडते. त्या उलगडलेल्या भागाला धरणारा क्लोन द्रावणातल्या अखंड प्रथिनाला धरेलच असं नाही. म्हणून पहिल्याच चाळणीत मांडणी उलटी ठेवा: प्लेटवर उंदराच्या आयजीजीविरुद्धचं (म्हणजे क्लोनच्या प्रतिपिंडालाच धरणारं) प्रतिपिंड, मग क्लोनचं माध्यम, मग बायोटिन (खुणेचा लहान रेणू) लावलेलं प्रथिन, शेवटी स्ट्रेप्टॅव्हिडिन-एचआरपी (बायोटिनला धरणारं प्रथिन आणि त्याला जोडलेलं रंग आणणारं विकर). बायोटिन बेतानेच लावा; ते लायसिन या अमिनो आम्लावर बसतं आणि एपिटोपमध्येच (प्रतिपिंड धरतं त्या जागेतच) लायसिन असलं तर चांगला क्लोनही हातचा जातो.

‘घट्ट पकड म्हणजे उत्तम कॉलम.’ सर्वांत महागात पडते ती ही समजूत. कॉलममध्ये बसवलेलं प्रतिपिंड प्रथिन धरतं, पण मग ते सोडवून घ्यायचं असतं. सुटण्याचा दर सेकंदाला एक लाखांश असेल, तर निम्मं प्रथिन सुटायलाच सुमारे १९ तास लागतात. मोजणीला हे वरदान, कॉलमवर अडचण. मग प्रथिन सोडवायला पीएच २.५ ते ३ चं आम्लधर्मी ग्लायसीन वापरावं लागतं. आम्ल शमवायला गोळा करायच्या नळ्यांत आधीच एक-दशांश आकारमान १ मोलर ट्रिस (पीएच ९) ठेवलं, तरी आम्लाला नाजूक प्रथिनं गुठळ्या होऊन निकामी होतात. त्यापेक्षा सौम्यपणे सोडणारा क्लोन शोधा. प्रथिन लावलेल्या प्लेटवर क्लोन बसवा. निम्म्या खळग्यांत साधं बफर, निम्म्यांत ०.७५ मोलर अमोनियम सल्फेट व ४० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल असलेलं बफर अर्धा तास ठेवा, धुवा, सिग्नल मोजा. जिथे तो निम्म्यावर किंवा खाली येतो, तो क्लोन कॉलमसाठी पारखून पाहा.

‘सँडविच एलायझात (एक प्रतिपिंड प्रथिन पकडतं, दुसरं ते दाखवतं) दोन्हीकडे तोच चालेल.’ प्रथिन एकेकटं असेल तर पकडणाऱ्या प्रतिपिंडानेच एपिटोप झाकला जातो. दुसऱ्याला जागा उरत नाही. दिसतात ते फक्त द्विलक (जोडीने जुळलेली प्रथिनं) किंवा गुठळ्या.

कॉलममधून थोडं प्रतिपिंड गळतंच. म्हणून प्रथिन चढवण्याआधी इल्यूशन बफर (प्रथिन सोडवणारं द्रावण) एकदा रिकामंच सोडा आणि उत्पादनातलं उंदराचं आयजीजी वेगळ्या एलायझाने मोजा. कॉलमवरचाच क्लोन मोजणीत असेल, तर गळलेलं प्रतिपिंड एपिटोप अडवतं आणि प्रथिन असूनही आकडा कमी येतो.