फळी एकट्याने टाकून दाखव

भाचा एसएसबीची, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या चाचण्यांची, तयारी करतोय. परवा रात्री साडेअकराला त्याने एक फॉरवर्ड पाठवला, खाली एकच ओळ: "मामा, हे खरं आहे का?" तोच मजकूर आमच्या घरच्या ग्रुपवरही फिरून आला होता आणि दोघातिघांनी अंगठेही दिले होते. मजकूर असा: सैन्य हुकमावर चालतं, चर्चेवर नाही. अधिकाऱ्यांना गटात बसवून प्रश्न सोडवायला लावणं हे एमबीएवाल्यांचं फॅड आहे, त्याने अधिकारी मऊ पडतात. आणि एसएसबीत जो इतरांवर आवाज चढवतो, तोच निवडला जातो.

शेवटचं आधी घेतो, कारण पोरं त्यावर विश्वास ठेवून जातात आणि परत येतात.

ग्रुप टास्कच्या मैदानावर काय असतं? एक फळी, एक बल्ली (लांब लाकडी वासा), दोर आणि सोबत न्यायचं ओझं. लाल रंगाला माणसानेही शिवायचं नाही, सामानानेही नाही. नेता कुणी नेमलेला नसतो. समजा पुढचा खांब फळीच्या टप्प्यात नाही. मग फळी अर्धी हवेत काढायची, मागच्या टोकावर दोघांनी उभं राहायचं आणि तिसऱ्याने पुढे जायचं. "मी सांगतो तसं करा!" म्हणून ओरडणारा पहिला पुढे धावतो. मागचे दोघे वैतागून जरा जरी सरकले, तरी साहेब फळीसकट खाली. जीटीओ, म्हणजे गटाची परीक्षा घेणारा अधिकारी, बाजूला उभा राहून हेच टिपत असतो. अधिकाऱ्यात जे पंधरा गुण शोधले जातात, त्यांत सहकार्य आहे, गटावर प्रभाव पाडणंही आहे. घशाची ताकद मला तरी त्या यादीत कधी दिसली नाही. आणि हुकूम द्यायची एवढी हौस असेल तर कमांड टास्क वेगळा असतोच, त्यात तुम्हालाच नेता नेमतात, तिथे द्या की.

आता एमबीएचं फॅड. हार्वर्डचं एमबीए सुरू झालं 1908 साली. प्रशियाच्या सैन्यातल्या शार्नहोर्स्टने बर्लिनमध्ये अधिकाऱ्यांची चर्चामंडळी भरवली 1801 मध्ये. निबंध वाचायचे, युद्धातले प्रश्न मांडायचे, एकमेकांची मतं खोडायची. पुढे युद्धशास्त्रावरच्या लिखाणाने गाजलेला क्लाउझेविट्झ तरुणपणी त्याच मंडळीत होता. कुणी म्हणेल, 1806 ला येनाला नेपोलियनने प्रशियाला झोडपलंच की! झोडपलं. पण त्यानंतर ते सैन्य पुन्हा उभं करायला पुढे आले ते याच मंडळीतले लोक.

आपल्याकडे तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात सिंडिकेट असतं, म्हणजे एका टेबलाभोवती बसलेला छोटा गट. त्यात पायदळाचा मेजर असतो, नौदलाचा असतो, हवाई दलाचा असतो, एखादा मित्रदेशाचाही असतो. नौदलवाला विचारतो, "हे सगळं सामान किनाऱ्यावर उतरवणार कोण?" आणि आपल्या सुंदर योजनेतली हवा जाते. हा प्रश्न वर्गातच ऐकलेला बरा.

'हुकूम म्हणजे हुकूम' वाल्यांसाठी क्रिमियन युद्धातलं बालाक्लावा, 25 ऑक्टोबर 1854. ब्रिटिश सेनापती रॅगलन उंचावर, त्याला सगळं दिसतंय. खाली घोडदळाचा प्रमुख लुकन, त्याला तोफा दिसतच नाहीत. रॅगलनची चिठ्ठी आली तोफांबद्दल, पण कोणत्या तोफा ते त्यात नाही. लुकनने विचारलं, तर चिठ्ठी आणणाऱ्या नोलनने नुसता हात हवेत फिरवला. पुढे कुणी खोलात गेलं नाही. सुमारे 670 घोडेस्वार चुकीच्या खोऱ्यात, थेट तोफांच्या तोंडी गेले.

बरं, अर्धं खरं आहे ते मान्य. गोळी सुटल्यावर सभा भरवत नाहीत, तिथे हुकूमच. शिवाय सिंडिकेटमध्येही बरेचदा चर्चेपेक्षा 'डीएस सोल्यूशन' काय असेल याचा अंदाज बांधणं चालतं, म्हणजे शिकवणाऱ्याच्या मनातलं उत्तर ओळखायचं. दोघे राबतात, बाकीचे चहा पितात. हे मी पाहिलंय, आणि चहा पिणाऱ्यांत मीही बसलोय. पण तो दोष गट नीट न चालवण्याचा. औषध कडू म्हणून दवाखानाच बंद करायचा का?

मऊ पडण्याबद्दल काही लिहीत नाही. लिहिणाऱ्याने एकदा ती बल्ली खांद्यावर घ्यावी.

भाच्याला एवढंच कळवलं: रविवारी चार मित्रांना घेऊन ये, माळ्यावर जुनी फळी पडलीये. त्यात तुझ्या क्लासमधला एखादा ओरडणारा पण आण.