एक लिटरचं शिंपलं

“आकार ठरवायचाय? त्या जातीची आजवर नोंदलेली सर्वांत मोठी लांबी टाका, बाकीचे आकडे जवळच्या जातीचे उचला. झालं!” प्राणी खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा वाढ, देखभाल आणि प्रजनन यांत कशी वाटतो ते गणिताने मांडणारं डायनॅमिक एनर्जी बजेट, म्हणजे डेब मॉडेल शिकणाऱ्या मुलांत हा सल्ला रत्नागिरीपासून मालवणपर्यंत फिरतोय. सोपा आहे, म्हणूनच फिरतोय.

आधी लांबी. डच जीवशास्त्रज्ञ बास कोयमन यांनी 1979 पासून उभारलेल्या या सिद्धांतातली लांबी पट्टीवरची नव्हे. ती शरीराच्या संरचनेच्या, म्हणजे ऊर्जेचा साठा वगळून उरलेल्या शरीराच्या, घनफळाचं घनमूळ. दोघींमधला दुवा म्हणजे शेप कोएफिशियंट, पट्टीवरच्या लांबीला ज्याने गुणायचं तो आकडा. खडपावरच्या लांबट शिनाण्यांसाठी तो 0.3 धरू. मग 10 सेंटिमीटरच्या शिंपल्याची मॉडेलातली लांबी 3 आणि घनफळ 27 घनसेंटिमीटर. पट्टीवरचे 10 तसेच टाकलेत तर घनफळ 1000, म्हणजे एक लिटर! एकाचंच सुकं घरादाराला पुरेल.

“सर्वांत मोठी” या शब्दांतही गोम आहे. एक तर तो एखादा पहिलवान असतो, जातीचा सर्वसाधारण प्रतिनिधी नव्हे. दुसरं, वाढ जिथे थांबते ती लांबी म्हणजे कमाल लांबी गुणिले अन्नाचा अंश, म्हणजे जास्तीत जास्त खाता येईल त्यातलं प्रत्यक्षात किती खाल्लं तो 0 ते 1 मधला आकडा. खडपावरचं शिंपलं ओहोटीला उघडं पडतं, तेवढा वेळ उपाशी. दोरीला टांगलेलं सतत पाण्यात, सतत खातं. हा अंश 0.8 असताना एखादं 8 सेंटिमीटरवर थांबलं, तर त्याची कमाल 10 च. जागा बदलली म्हणून जात बदलत नाही.

मग वजनावरून काढू? बाजारात बसणाऱ्या मावशींना विचारा. एकाच मापाची शिंपलं कधी भरलेली, कधी पोकळ निघतात. अंगातला ऊर्जेचा साठा घटतो, कवच तेवढंच राहतं.

“गरम पाण्यात मोठी होतात” हेही ऐकलं. प्रमाणित मॉडेलात तापमान खाण्याचा आणि देखभालीचा वेग सारखाच वाढवतं. अन्नाचा अंश तोच असेल तर मोठेपण लवकर येतं, जास्त नाही.

राहिली उसनवारी. ती सरसकट चूक नाही. देखभालीचा घनफळामागचा खर्च नातेवाइकाचा चालतो. पण झूम फॅक्टर, म्हणजे जातीची कमाल लांबी ठरवणारा गुणक, दुप्पट केलात, तर पृष्ठभागामागचं अन्नातल्या ऊर्जेचं कमाल ग्रहणही दुप्पट करावं लागतं आणि जन्म व वयात येणं यांचे उंबरठे, म्हणजे तिथवर पोचायला परिपक्वतेत घालावी लागणारी ऊर्जा, घनाने, म्हणजे 8 पट. हे राहून गेलं की मॉडेलातलं शिंपलं अर्धवट वाढीतच अंडी सोडायला लागतं, आणि खापर फुटतं मोजमाप करणाऱ्या पोरांवर.