‘मायनर टच-अप आहे, साहेब’

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं ठरवलंय? अभिनंदन. त्यातून ती थोडीशी ठोकलेली आहे असं कानावर आलंय? मग तर दुधात साखर. या विषयातलं शिक्षण मी नुकतंच पुरं केलंय. फी २५,००० रुपये, विसार म्हणून भरली. ती परत मिळणार आहे. ‘बुधवारी या’ असं सांगितलंय, कुठल्या बुधवारी ते सांगितलेलं नाही. तेव्हा सल्ला द्यायचा अधिकार माझ्याकडे आहे आणि तुम्हाला तो फुकट देतोय.

गाडी बघायला संध्याकाळीच जावं. सात-साडेसातला, दिवे लागल्यावर. भर उन्हात एका दाराचा पांढरा आणि दुसऱ्याचा पांढरा वेगळा दिसतो आणि उगाच मनाला रुखरुख लागते. नुकताच पाऊस पडून गेला असेल तर फारच छान. तसंही डीलरकडचा पोऱ्या तुम्हाला गेटात बघून गाडीवर पाणी मारतोच.

मेस्त्रीला बरोबर नेऊ नये. तो खाली वाकतो.

न्यायचाच तर मेव्हणा न्यावा. माझा आला होता. त्याने गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, टायरला एक लाथ मारली (ही तपासणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे) आणि म्हणाला, “दाजी, तुमच्या पर्सनॅलिटीला शोभते.” संपलं. माझं वय ४९, पोट जरा सुटलेलं, गाडी ऑडी टीटी, २०१३ सालची, दोन दारांची, मागच्या सीटवर दप्तर बसेल पण दप्तर घेणारा बसणार नाही अशी. आणि मला शोभते!

विक्रेत्याची भाषा आधी शिकून घ्या. ‘मायनर टच-अप’ म्हणजे एक अख्खी बाजू नवीन. ‘सिंगल हँडेड’ म्हणजे आधीच्या दोन मालकांची नावं सांगायची नाहीत. ‘कंपनी मेंटेन्ड’ म्हणजे कुठली कंपनी ते विचारू नका. आणि ‘डॉक्टरची गाडी’. पुण्यात विकायला आलेल्या सगळ्या डॉक्टरांच्या गाड्या खरंच डॉक्टरांच्या असत्या तर शहरात पेशंटपेक्षा डॉक्टर जास्त निघाले असते.

कागदपत्रांचं फार मनावर घ्यायचं नाही. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाका, गाडीवर बोजा आहे का, विमा कधी संपतो, मालक कितवा, सगळं दिसतं. अपघात दिसत नाही. म्हणजे झालाच नाही! दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ‘टोटल लॉस’ म्हणून पैसे देऊन मोकळी होते. सांगाडा लिलावात जातो, कुणीतरी तो घेतो, ठोकून-पिटून उभा करतो, आणि आरसी बुकावर या सगळ्याचा एक टिपका उमटलेला नसतो. परदेशात कुठे कुठे म्हणे अशा गाडीच्या कागदावर कायमचा शिक्का बसतो. आपण क्षमाशील लोक.

विम्याची जुनी पॉलिसी तर चुकूनही मागू नका. तिच्यात ‘नो क्लेम बोनस’ नावाची एक चावट ओळ असते. क्लेम न घेता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो. एकाच मालकाने आठ वर्षं वापरलेली गाडी, ‘ओरखडासुद्धा नाही साहेब’, आणि पॉलिसीत बोनस शून्य. मग तुम्ही विचारणार का, आणि तो म्हणणार एजंटाची चूक आहे, आणि विनाकारण दोघांचाही वेळ जाणार. मी मागितली नाही. वेळ वाचला.

नंबरप्लेट पुदुच्चेरीची असेल तर हरखून जा. महाराष्ट्रात आणल्यावर महाग गाडीवर किती टॅक्स पडतो ते आधी आठवा आणि मगच हरखून जा.

टेस्ट ड्राइव्हला गाडी डावीकडे ओढते. रस्त्याला उतार आहे. येतानाही डावीकडेच ओढते. येतानाही उतार आहे.

आता चुंबकाकडे येऊ. हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच माझं शिक्षण झालं.

पत्र्यावर पुट्टी भरली असेल तर चुंबक चिकटत नाही, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून घरातून निघताना फ्रिजवरची महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी काढून खिशात घातली. (चुंबक कमजोरच हवा. दणकट असला तर तो पुट्टीतूनही पत्र्याला ओढ घेतो.) शोरूममध्ये स्ट्रॉबेरी बॉनेटला लावली, घसरली. फेंडरला लावली, घसरली. माझा चेहरा पडला. डीलर मात्र हसला. “ॲल्युमिनियम आहे साहेब. ऑडी आहे ही.” आणि हे खरं होतं! या पिढीच्या टीटीची बॉडी ६९ टक्के ॲल्युमिनियम आणि ३१ टक्के पोलाद अशी आहे, पुढचा भाग सगळा ॲल्युमिनियमचा. मी खजील झालो. एकदा खजील झालेला गिऱ्हाईक पुढे कुठल्याही गोष्टीला मान डोलावतो, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

दाराला लावली, टक्‌कन चिकटली. डिकीला उजवीकडे लावली, चिकटली. डावीकडे सरकवली, घसरून खाली पडली.

मी म्हटलं, “हे अर्धं?”

तो म्हणाला, “जर्मन टेक्नॉलॉजी आहे साहेब.”

आणि मी, मेकॅनिकल इंजिनिअर, २६ वर्षं कारखान्यात काढलेला माणूस, मान डोलावली. अर्धी डिकी ॲल्युमिनियमची आणि अर्धी पोलादाची, मध्ये बहुधा प्रेमाचा जोड! मग स्पॉयलर, म्हणजे डिकीवरची ती पंखासारखी पट्टी. या गाडीचा मागचा स्पॉयलर ताशी १२० किलोमीटरला आपोआप वर येतो आणि ८० च्या खाली आला की परत बसतो. त्याचं बटणही आत असतं. मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, तेव्हा उजवा कोपरा बोटभर उठला आणि ‘कर्रर्र’ करून थांबला. “तो १२० लाच उठतो साहेब.” पुणे-मुंबई एक्सप्रेसवेची मर्यादा आहे १००, घाटात ६०. म्हणजे हा स्पॉयलर कायदा पाळणाऱ्या माणसाला आयुष्यात दिसायचा नाही. पटलं. मी फोन काढला आणि २५,००० पाठवले. बायकोला अजून सांगितलेलं नाही. फ्रिजवरची स्ट्रॉबेरी कुठे गेली एवढंच ती विचारतेय, ती त्या डीलरच्या टेबलावर राहिलीय.

रात्री घरी येऊन वाचलं. वाचन नेहमी पैसे दिल्यानंतर करावं, जास्त लक्षात राहतं. टीटीचं नाक जड पडू नये म्हणून मागचं पोलाद मुद्दाम ठेवलेलं आहे. मागची जमीन पोलादाची, दारं पोलादाची आणि डिकीचं झाकण? पोलादाचं. अख्खं. डावीकडचंसुद्धा. आणि जर्मन टेक्नॉलॉजी म्हणे! ही गाडी जुळवली जायची हंगेरीत, ग्योरला.

सोमवारी मेस्त्रीला घेऊन गेलो. रविवारी नेला असता तर २५,००० वाचले असते, पण मग हा लेख कुठून आला असता? त्याने डिकीतली चटई उचलली. खालच्या पत्र्यावर ताजं काळं कोटिंग मारलेलं होतं, वास येत होता. त्याने नखाने एक पापुद्रा काढला, मोबाइलचा टॉर्च आडवा धरला, आणि त्या उजेडात पत्र्याला पडलेल्या चुण्या दिसल्या. धुऊन पिळलेल्या धोतरासारख्या. मग त्याने पुढे बॉनेट उघडलं. फेंडरच्या बोल्टांचा रंग उडालेला, पाना लागल्याच्या खुणा. डाव्या हेडलाइटवर एक तारीख, उजव्यावर तीन वर्षांनंतरची. आतल्या ॲल्युमिनियमवर हातोडीचे ठोके. हे काम सगळ्यांना येत नाही. त्यासाठी वेगळी हत्यारं लागतात. लोखंडाच्या कामाचीच वापरली तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि तिथूनच ते कुजायला लागतं. इथे तर सरळ घण चालवलेला. मेस्त्री म्हणाला, मागून कुणीतरी जोरात ढकललीय आणि पुढे कशाततरी घुसलीय. सँडविच.

मग त्याने किल्ली फिरवली, इंजिन सुरू न करता. “बघा,” म्हणाला. सगळे दिवे लागले आणि एकेक करून विझले. मी म्हटलं, छान. तो म्हणाला, “एअरबॅगचा लागलाच नाही.”

तो दिवा लागायलाच हवा. किल्ली फिरवली की लागतो, काही सेकंदांत विझतो, म्हणजे यंत्रणा स्वतःला तपासून ‘मी आहे’ म्हणाली. लागून तसाच राहिला तर बिघाड. लागलाच नाही तर कुणीतरी त्याचे डोळे फोडलेत. फुटलेली एअरबॅग बदलायची तर बॅग, डॅशबोर्ड, बेल्टचे ताण देणारे भाग, मॉड्यूल, सगळं आलं, लाखांत जातं. दिवा मारायला काही लागत नाही. त्याहून हुशार लोक बॅगच्या जागी चार आण्याचा रेझिस्टर लावतात, कॉम्प्युटरला वाटतं बॅग आहे. वरून स्टिअरिंगला नवं झाकण, त्यावर ऑडीची चकचकीत चार वर्तुळं.

मेस्त्री हात पुसत उठला आणि हळूच म्हणाला, “साहेब, मुलाला नाही ना देणार चालवायला?”

देणार होतो. थर्ड इयरला आहे. दिवाळीत लोणावळ्यापर्यंत ने म्हणणार होतो.

आता पुढचं नीट ऐका, थट्टा बास झाली.

ठोकलेली गाडी विकणं हा गुन्हा नाही. गाडी रस्त्यावर चालते, कधीतरी लागते. बंपर, फेंडर, हेडलाइट, बॉनेट हे सगळं बोल्टवरचं सामान आहे, बदलता येतं. ठोकल्यावरचे फोटो, गॅरेजचं बिल आणि अलाइनमेंटचा कागद दाखवून कुणी सांगितलं असतं की हे हे झालं, हे हे बदललं, म्हणून दोन लाख कमी, तर मी हसत घेतली असती आणि वर चहा पाजला असता. पण चॅसी मुरगळलेली, पोकळ स्टिअरिंग, आणि तू माझ्याकडे बघून म्हणतोस ‘मायनर टच-अप’? लाज वाटत नाही? तुझ्या घरात पोरं नाहीत? जिथे बॅग नाही तिथे लावलेलं झाकण बघून तुला रात्री झोप कशी लागते रे? एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं. मी ते मागितलं, तर म्हणे ‘प्रोसेसमध्ये आहे’. पाटी मात्र केव्हाच लागलीय, लाल अक्षरांत, ‘विश्वास’ हा शब्द तिच्यात दोनदा आहे.

आणि आपण? आपण काय कमी आहोत? शंभर रुपयांची कोथिंबीर घेताना जुडी उलटीसुलटी करतो, देठ मोडून बघतो. साडेतेरा लाखांची गाडी घेताना विचारतो काय, ‘टायर नवीन आहेत ना?’ ‘म्युझिक सिस्टम ओरिजिनल आहे ना?’ गाडी बघायला जायच्या आधीच आपण मनात ती सोसायटीच्या गेटातून आत आणलेली असते. समोरच्या फ्लॅटमधले खिडकीत आलेले असतात. मग चुंबक पडला काय आणि स्पॉयलर कुरकुरला काय, आपल्याला ऐकूच येत नाही. त्याने मला फसवलं त्याच्या आधी मी स्वतःला फसवून तयार ठेवलं होतं, त्याला फक्त फोन नंबर द्यायचा होता. अरे, जुनी पॉलिसी मागायला काय जीभ झिजते? जिथे गाडीची देखभाल झाली तिथे जाऊन नंबर सांगून बॉडीचं काम काय काय झालं ते विचारायला एक दिवस रजा नाही मिळत? मेस्त्रीचे पाचशे-हजार वाचवता, आणि कशावर वाचवता ते तरी बघा!

काल रात्री तीच जाहिरात पुन्हा आली. तीच गाडी, तोच फोटोतला भिंतीवरचा कॅलेंडर. किंमत २०,००० ने वाढलेली आणि खाली नव्याने लिहिलेलं, ‘नॉन-ॲक्सिडेंटल, डॉक्टर युज्ड’. डिकीवर डाव्या बाजूने आता काळा रेसिंगचा पट्टा चिकटवलाय, हातभर रुंद. तुमच्यापैकी कुणी बघायला जाणार असाल तर दिवसा जा, मेस्त्री न्या, आणि तो पट्टा आधी काढायला लावा. काढत नसेल तर तिथूनच मागे फिरा. टेबलावर स्ट्रॉबेरी दिसली तर तेवढी घेऊन या.