रॅम वाढते का, हे आधी विचारा

जुना कॉम्प्युटर बदलताना प्रोसेसर बघून लॅपटॉप घ्या, असं एका लेखात वाचलं. ते चूक नाही, पण माझ्या मते आधी रॅम, म्हणजे काम चालू असताना कॉम्प्युटर वापरतो ती मेमरी, बघावी.

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं छोटं मशीनशॉप आहे. बिलं, जीएसटी, थोडी ड्रॉइंगं, सगळं २०१४ च्या डेस्कटॉपवर. सकाळी बटण दाबलं की हार्ड डिस्क कुरकुरत बसायची, तोवर मी लेथवर जॉब लावून यायचो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला आमचा प्रोसेसर चालत नाही. मग घ्यावाच लागला.

राजारामपुरीत दुकानदारानं पहिल्यांदा एक पातळ, देखणा लॅपटॉप दाखवला. रॅम ८ जीबी, तीही बोर्डालाच सोल्डर केलेली. म्हणजे पुढं वाढवायचा प्रश्नच मिटला! शिवाय पोर्ट फक्त टाइप-सी. आमचा डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखा असतो तो) साध्या यूएसबीचा. तो सोडला. १६ जीबी रॅम, पुढं रॅम वाढवायला एक स्लॉट मोकळा, ५१२ जीबी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क) आणि आकड्यांचा वेगळा कीपॅड असलेला जरा जाडजूड घेतला. दिवसभर बिलं मारणाऱ्याला त्या कीपॅडची किंमत कळते.

ज्यांचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे विंडोज ११ ला चालणारा आहे, त्यांनी मात्र आधी जुन्यातच एसएसडी टाकून बघावी. आणि व्यापाऱ्यांनो, जुनी डिस्क भंगारात देण्याआधी डेटा नीट काढून घ्या. जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात.