बटणच तर आहे

कालच्या स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर टीमने पुढच्या काही आठवड्यांचं काम ठरवायच्या बैठकीत, माझा कामाच्या अंदाजाचा आठाचा पत्ता एका माणसाने नुसत्या तोंडाने मारला. अजून डोकं तापलेलं आहे.

स्टोरी, म्हणजे करायचं काम, होती 'पासवर्ड विसरलात?' लॉगिनच्या पानावर एक बटण, ते दाबलं की ईमेलवर लिंक, लिंकवरून नवा पासवर्ड. वाचायला दोन ओळी. करणाऱ्याला विचारा. लिंकमधलं टोकन, म्हणजे गुप्त सांकेतिक अक्षरं, कुणाला अंदाजाने सापडता कामा नये, ते एकदाच चाललं पाहिजे, ठरावीक वेळाने मेलं पाहिजे. नवी लिंक मागितली की जुनी रद्द. ईमेल आपल्याकडे नोंदलेला असो वा नसो, स्क्रीनवर उत्तर एकच, नाहीतर आपल्याकडे कुणाकुणाची खाती आहेत ते कुणीही बसल्या बसल्या शोधून काढेल. एखाद्याने बटण दाबायचा सपाटाच लावला तर त्याला अडवायचं. पासवर्ड बदलला की बाकीची चालू लॉगिनं तोडायची. त्यातून मेल पाठवणारी यंत्रणा दुसऱ्या टीमची, आणि ती टीम उत्तरं सवडीने देते. आठ पॉइंट धरले तेही मन मोठं करून.

पत्त्यांनी कामाचा अंदाज बांधायचा हा प्लॅनिंग पोकर ज्यांच्या नशिबी आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. 2002 साली जेम्स ग्रेनिंग नावाच्या गृहस्थांनी हा प्रकार काढला. आता सर्रास वापरतात त्या पत्त्यांवर 1, 2, 3, 5, 8, 13, 20, 40, 100 असे आकडे असतात. आकडा मोठा होतो तशी मधली दरी वाढते, कारण मोठ्या कामाचा बारीक अंदाज कुणालाच येत नाही. हे तास नव्हेत, पॉइंट; एक काम दुसऱ्याच्या मानाने केवढं, एवढंच. प्रत्येकाने मनाशी ठरवायचं आणि पत्ते एकदम उलटायचे. एकदमच, कारण एकाने आधी आकडा उच्चारला की बाकीचे त्याच्याच भोवती घुटमळतात. मग सर्वांत कमी आणि सर्वांत जास्तवाल्याने आपापलं म्हणणं मांडायचं आणि पुन्हा डाव. पत्ते हातात कुणाच्या? जे काम करणार त्यांच्या.

कालच्या व्हिडिओ कॉलवर आमचे सर, म्हणजे वरचे साहेब, आले होते. 'फक्त ऐकायला.'

ऐकायला आलेल्या माणसाने माइक बंद ठेवावा अशी माझी भाबडी समजूत होती. बैठक चालवणाऱ्या स्क्रम मास्टरने मात्र आदराने त्यांनाही पत्त्यांच्या ॲपची लिंक पाठवली.

"मला आत घेत नाहीये हे," सर म्हणाले. "पासवर्ड चुकीचा म्हणतंय."

"सर, खाली 'फरगॉट पासवर्ड' आहे बघा."

"दाबलं. मेल नाही आला."

"स्पॅममध्ये बघा ना सर."

"तिथेही नाही. परत दाबतो." आम्ही सगळे पत्ते टाकून त्यांची वाट बघत बसलो. "हां, आले. दोन आले. पण हा पहिला उघडला तर लिंक चालत नाही म्हणतोय. कसले भिकार ॲप बनवतात लोक!"

मला वाटलं, देव पावला. याहून जिवंत डेमो कुठे मिळणार? "सर, तुम्ही नवी लिंक मागितलीत, म्हणून जुनी रद्द झाली. हेच तर आपल्याला बांधायचंय."

"ते जाऊ दे रे. मी तोंडीच सांगतो. एक."

त्या ॲपमध्ये पत्ता टाकला की नावापुढे हिरवी खूण येते, आकडा दिसत नाही. सरांचं 'एक' कानावर पडलं आणि आमच्या ज्युनिअर मुलीच्या नावापुढची खूण गेली, क्षणभराने परत आली. मग बॅकएंडवाल्याची गेली आणि आली. पत्ते उलटले तेव्हा माझे आठ, बाकी दोन आणि दोन. टेस्टरने कपाचं चित्र असलेला पत्ता टाकला होता, म्हणजे 'मला विश्रांती हवी'. टीममधला एकमेव प्रामाणिक अंदाज.

"आठ कुणाचे?" सरांनी विचारलं. मी हात वर केला. टोकनपासून मेलच्या यंत्रणेपर्यंत सगळं पुन्हा सांगितलं.

"अरे पण बटणच तर आहे."

"बटणामागे..."

"मागच्या प्रोजेक्टला आम्ही हे दुपारपर्यंत उडवलं होतं."

"कुणी केलं होतं सर?"

"व्हेंडरने."

"त्यांना किती दिवस लागले होते?"

"ते त्यांचं त्यांनी बघितलं. आणि आजकाल एआय मिनिटात लिहून देतं हे सगळं."

"कोड देईल सर. मेलवाल्या टीमची परवानगी कोण आणणार?"

"मग बोल ना त्यांच्याशी! एजाइल म्हणजे काय? संवाद!" असं म्हणून त्यांनी दुसऱ्या फोनवर कुणाशी तरी संवाद सुरू केला. माइक चालूच.

खरं तर इथे दुसरा डाव व्हायला हवा होता. पण स्क्रम मास्टर घड्याळाकडे बघून म्हणाला, "टाइमबॉक्स संपतोय. तीन धरू या? म्हणजे सगळ्यांचाच मान राहील." कामाचा अंदाज निघाला तीन, मानाचा किती ते विचारायचं राहिलं.

फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड नावाच्या स्की रिसॉर्टवर सतरा जण जमले आणि त्यांनी एजाइलचा, म्हणजे थोडं थोडं करत, बदल सामावत सॉफ्टवेअर बनवण्याच्या या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. चार मूल्यं, बारा तत्त्वं. त्यात एक तत्त्व असं की उमेदीच्या माणसांभोवती प्रकल्प उभा करा, त्यांना लागेल ते द्या आणि ती काम पार पाडतील यावर विश्वास ठेवा. बर्फाच्या डोंगरावर असलं सुचतं. त्या सतरांत कुणी सर नव्हते अशी माझी खात्री आहे.

स्टँडअपची, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीचीही तीच गत. आम्ही वापरतो त्या स्क्रम नावाच्या एजाइल पद्धतीच्या नियमपुस्तिकेप्रमाणे, म्हणजे स्क्रम गाइडप्रमाणे, ती पंधरा मिनिटं डेव्हलपरांनी आपापसात दिवसाची आखणी करायला असतात. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न 2020 च्या आवृत्तीतून काढूनही टाकले. आमच्याकडे ते अजून जिवंत आहेत, आणि सगळे जण उत्तरं देतात ती सरांच्या चौकटीकडे बघून, हजेरी दिल्यासारखी. अडचण सांगितली की "पार्किंग लॉटमध्ये टाक", म्हणजे नंतर बोलू. त्या पार्किंग लॉटमधून एकही गाडी बाहेर निघालेली मी पाहिलेली नाही.

विनोद बाजूला ठेवू. ते तीन पॉइंट आता माझ्या नावावर लागले आहेत आणि काम आठाचंच आहे. मधले पाच कुठून येणार? रात्रीतून. टोकनची मुदत 'नंतर बघू', जुनी लिंक रद्द करणं 'पुढच्या स्प्रिंटला', आणि डन कशाला म्हणायचं याची भिंतीवर लावलेली यादी भिंतीवरच. शेवटी वेलॉसिटीचा, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंट झाले त्याचा, तक्ता निघेल आणि शेजारच्या टीमचे चाळीस, तुमचे सव्वीस का, असा प्रश्न येईल. प्रत्येक टीमचा पॉइंट वेगळा, त्यांची तुलना होत नाही, हे कितीदा सांगायचं? त्या सतरांतलेच रॉन जेफ्रीज म्हणून बसले आहेत की स्टोरी पॉइंट कदाचित मीच शोधले असतील, आणि तसं असेल तर आता मला त्याचं वाईट वाटतं. त्यांना वाईट वाटून आमचे पाच पॉइंट परत येत नाहीत.

पुढची स्टोरी होती सेव्हच्या बटणाचा निळा रंग थोडा गडद करण्याची. सीएसएसमधली, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या कोडमधली, एक ओळ. मी एकाचा पत्ता उचलणार तेवढ्यात सरांचा आवाज आला.

"रंग? अरे बापरे. ब्रँडिंगची मंजुरी लागेल, मार्केटिंगला दाखवावं लागेल, वरती प्रेझेंटेशन... हे हलकं नाही हं."

हिरव्या खुणा गेल्या, आल्या. पत्ते उलटले. तेरा, तेरा, तेरा, आणि माझेही तेरा.

"वा!" स्क्रम मास्टर म्हणाला. "पहिल्याच डावात एकमत!"