जुन्या कुत्र्याच्या वासाने पिल्लू शू शिकत नाही

घरातला म्हातारा कुत्रा गेल्यावर नवं पिल्लू आणणाऱ्यांना एक मेसेज हमखास येतो: 'जुन्याचं अंथरूण, जागा तशीच ठेवा, वासावरून पिल्लू आठवड्याभरात आपोआप शिकतं. चुकलं तर तिथे नाक घासा, फिनेलने पुसून टाका.' पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण हे सगळं पिल्लाला उलटंच शिकवतं.

आधी वासाचं. लघवीचा वास येतो तिथे कुत्रं पुन्हा शू करतं, इतकं खरं. पण म्हाताऱ्या कुत्र्याचा शेवटच्या महिन्यांतला वास असतो कुठे? मूत्रपिंडं थकलेली असली किंवा ताबा सुटलेला असला, तर तो झोपायचा त्या गादीत, दारापर्यंत पोचता न आल्यामुळे पॅसेजमध्ये. नर असेल तर सोफ्याच्या पायाला आणि दाराच्या चौकटीलाही, जमिनीपासून फूट-दीड फूट वर. म्हणजे पिल्लाला नेमक्या नको त्या जागा दाखवल्या जातात. अंथरूण टाकवत नसेल तर धुऊन कपाटात ठेवा. गळ्यातला पट्टा जवळ ठेवला तरी चालेल. मात्र जुना कुत्रा पार्व्होने (कुत्र्यांच्या उलट्या-जुलाबांच्या संसर्गजन्य आजाराने) गेला असेल तर त्याची कुठलीच वस्तू पिल्लाजवळ नको. तो विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो; पिल्लू कधी आणायचं हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

फिनेलने फक्त आपल्या नाकाची समजूत पटते. लघवीचा अंश फरशीच्या सांध्यांत बसतो आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो. शिवाय ओल्या फिनेलवरून चालून पिल्लू पंजे चाटतं, ते बाधतं. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या. मग पाळीव प्राण्यांसाठीचं, लघवीचे अंश मोडणारं एन्झाइम क्लीनर डागाच्या थोडं बाहेरपर्यंत ओता, बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच राहू द्या आणि पुसा. जुने डाग अंधारात यूव्ही टॉर्चने दिसतात. अमोनियाचं क्लीनर टाळा, त्याचा वास लघवीच्याच जातीचा.

नाक घासल्याने पिल्लाला एवढंच कळतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते पलंगाखाली जातं, आणि बाहेर नेलं तर तुमच्यादेखत रोखून धरून घरात आल्यावर सोडतं.

आठवड्याचा हिशोबही चुकीचा. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर दोन-तीन तास रोखू शकतं, खेळत असताना त्याहून कमी. भरवशाचा ताबा यायला चार-सहा महिन्यांचं वय उजाडतं. तोवर झोपून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर 10-15 मिनिटांत, खेळ थांबला की, झोपण्याआधी आणि रात्रीतून एक-दोनदा न्यायचं. जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की लगेच उचला. शू संपताच तिथेच, एक-दोन सेकंदांत खाऊ द्या. घरात येऊन दिलात तर पिल्लाच्या लेखी तो घरात आल्याचा खाऊ.

लसींचा कोर्स साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालतो. तोवर भटकी कुत्री फिरतात तिथे खाली सोडू नका, गॅलरीत मातीचा किंवा हिरवळीचा ट्रे ठेवा. वर्तमानपत्रापेक्षा तो बरा, कारण पिल्लू पायाखालचा स्पर्श लक्षात ठेवतं. कागदाची सवय लागली की जमिनीवर पडलेला ताजा पेपरही त्याला शूची जागाच वाटते.

एवढं करूनही थेंब-थेंब, सारखी सारखी शू होत असेल किंवा त्यात रक्त दिसलं, तर तो शिकवण्याचा प्रश्न नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन लघवी तपासून घ्या.