दात्यांचा पैसा आणि वस्तीचा कारभार

शहरातल्या मोडकळीस आलेल्या वस्त्यांबद्दल एक मत सध्या सर्रास ऐकू येतं. ते असं: स्थानिक दात्यांच्या पैशातून फार तर वह्यावाटप होतं, नाना तऱ्हेचे लोक राहतात तिथे एकमत होत नाही, खरं काम सरकारच करू शकतं, आणि पोराटोरांच्या हाती कारभार दिला की पैसा बुडालाच. अशा बोलण्याने देणारे हात आखडता घेतात, म्हणून याला उत्तर द्यायलाच हवं.

वह्यावाटपापासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराच्या डडली स्ट्रीट भागात १९८०च्या दशकात घरं जाळली जात होती आणि मोकळ्या जागांवर बाहेरचे लोक रात्री ट्रक भरभरून कचरा टाकून जात होते. तिथल्या एका लॅटिनो (म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या) संस्थेने रायली फाउंडेशन या शहरातल्याच न्यासाकडे मदत मागितली होती ती गालिच्यासाठी. विश्वस्त १९८४ मध्ये पाहणीला आले, भोवतालची दशा त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि गालिच्याचा विषय मागे पडून अख्ख्या वस्तीचा विषय पुढे आला. त्यातूनच ‘डडली स्ट्रीट नेबरहूड इनिशिएटिव्ह’ ही संघटना उभी राहिली. दाता त्याच शहरातला असला की तो स्वतः येऊन पाहू शकतो. ही ताकद दूरच्या कार्यालयातून चेक पाठवणाऱ्याकडे नसते.

एकमताचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संघटनेचा पहिला आराखडा संस्थांनी आणि दात्यांनी मिळून केला होता. कार्यकारी मंडळात रहिवाशांना मोजक्याच जागा होत्या. १९८५ च्या सभेत लोकांनी उभं राहून विचारलं, तुमच्यापैकी इथे राहतं कोण? आराखडा बदलावा लागला. मंडळात बहुमत रहिवाशांचं झालं आणि कृष्णवर्णीय, केप व्हर्डियन (आफ्रिकेजवळच्या केप व्हर्ड बेटांवरून आलेले), लॅटिनो व गोरे अशा चारही समाजांना सारख्या जागा मिळाल्या, कुणाची लोकसंख्या किती हे न पाहता. मतभेद त्याने संपले नाहीत, संपणारही नव्हते. पण संख्येने लहान समाजालाही मान खाली घालून बसावं लागलं नाही, म्हणून माणसं सभेला येत राहिली. आणि विश्वस्तांनी भर सभेतला हा विरोध ऐकून घेतला, पैसे काढून घेतले नाहीत, याचं मोल फार मोठं आहे.

सरकारशिवाय भागत नाही, हे अर्धं खरं आहे. १९८८ मध्ये बॉस्टन शहराने या संघटनेला पडीक खासगी भूखंड सक्तीने संपादन करण्याचा अधिकार दिला. वस्तीच्या संघटनेला असा अधिकार मिळणं अमेरिकेत फारच दुर्मीळ. जमिनीसाठी फोर्ड फाउंडेशनने २० लाख डॉलरचं कर्ज दिलं. आज जमीन संघटनेच्याच जमीन ट्रस्टच्या नावावर आणि घर कुटुंबाच्या नावावर अशी सोय आहे. घर विकताना किमतीला मर्यादा असते, त्यामुळे परिसर सुधारला म्हणून गरिबांना उठून जावं लागत नाही. ट्रस्टच्या जमिनीवर मालकीची, सहकारी आणि भाड्याची मिळून २०० हून अधिक घरं आहेत. पण शहराने अधिकार दिला तो रहिवाशांनी स्वतः तयार केलेल्या विकास आराखड्याच्या जोरावर. सभा, कार्यकर्त्यांचे पगार, नियोजनकारांची फी या सुरुवातीच्या खर्चाला सरकारी खात्यात सहसा शीर्षकच नसतं. तो भार स्थानिक दात्याने उचलला.

राहिली पोरंटोरं. डडलीच्या मंडळात तरुणांसाठी जागा राखलेल्या आहेत. केप व्हर्डियन स्थलांतरित कुटुंबातला जॉन बॅरोस किशोरवयातच त्या मंडळावर आला, पुढे संघटनेचा कार्यकारी संचालक झाला आणि २०१४ मध्ये बॉस्टन शहराच्या आर्थिक विकासाचा प्रमुख. एका माणसावरून सिद्धांत मांडू नका म्हणाल, तर मिशिगन राज्य पाहा. तिथल्या स्थानिक न्यासांमध्ये केलॉग फाउंडेशनच्या मदतीने युवा निधी उभे राहिले, आणि त्यांतून कुणाला अनुदान द्यायचं याची शिफारस शाळकरी वयाच्या मुलांच्या समित्या करतात. मुलं अर्ज वाचतात, प्रश्न विचारतात, नकारही देतात. अंतिम मंजुरी न्यासाच्या विश्वस्तांची असते, म्हणजे पैशावर देखरेख राहतेच.

दाता स्वतःची मर्जी वस्तीवर लादेल, ही भीती मात्र रास्त आहे. त्यावर अटी घालता येतात: मंडळात निम्म्याहून अधिक रहिवासी, तरुणांना मतासह जागा, आणि एका वर्षाऐवजी अनेक वर्षांसाठी बांधलेला निधी. पैसे घेण्याआधी या तीन गोष्टी दात्याकडून लेखी मागाव्यात.